देवाचा आवाज की माझंच मन? आधी यिर्मयानं शेत कसं घेतलं ते वाच

सलाम बाळा. तुझं सगळं वाचलं. बाकीच्यांनाही लागावं म्हणून तुझा प्रश्न थोडक्यात सांगते. तू वाळूजला एका कंपनीत कंत्राटी आहेस, चाकणला पर्मनंटची ऑफर आलीय आणि सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आई परतूरकडं गावी एकटी, गुडघ्यानं बेजार, दोन एकर कोरडवाहू. मागच्या महिन्यात उपास-प्रार्थनेला बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे फिरते उपदेशक, आले होते, त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की प्रभू म्हणतो हे शहर सोडू नको, तुला सेवेसाठी राखून ठेवलंय. आणि 31 डिसेंबरच्या रात्री तुला वचनाचं जे कार्ड निघालं त्यावर उत्पत्ती 12:1, म्हणजे अब्राहामाला देव म्हणतो की आपला देश, आपले नातलग सोडून मी दाखवीन तिकडं जा. म्हणजे एकजण म्हणतो थांब आणि कार्ड म्हणतंय नीघ. तू सेकंड शिफ्ट करून आल्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुडघ्यावर बसतोस आणि काहीच ऐकू येत नाही. शेवटी तू विचारलंस, "मावशी, देव सगळ्यांशी बोलतो मग माझ्याशीच का बोलंना?"

पहिलं काम सांगते त्यात अध्यात्म काही नाही. उद्या एचआरला फोन लाव आणि आठ दिवस मागून घे. बहुतेक कंपन्या देतात, आणि नाहीच दिले तर तेवढं तरी कळेल. घाईनं घेतलेला निर्णय देवाच्या नावावर टाकायची आपल्याला फार सवय आहे. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक काढ, 42 व्या अध्यायात लोक त्याच्याकडं येतात, मिसरात पळून जावं की इथंच राहावं, देवाला विचारून सांग म्हणतात. बाबेलवाले (बॅबिलोनचे) येऊन कापतील अशी भीती होती त्यांना, जीव मुठीत धरून उभे होते सगळे. तरी उत्तर आलं दहा दिवसांनी. दहा दिवस यिर्मया गप होता. संदेष्टा असून. तुला तर सोमवारच्या आत पाहिजे.

आता "माझ्याशीच का बोलंना" याचं. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष द्यायची एक भाषा पडून गेलीय. माणूस माइक हातात घेतो आणि म्हणतो, प्रभूनं मला सांगितलं की अमुक कर. मी अशा कितीतरी लोकांना नंतर चहा पिताना नीट विचारलंय, म्हणजे नक्की कसं सांगितलं हो. तर निघतं असं की प्रार्थना केली, काही दिवस वचन वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, घरच्यांशी बोललो, दोन ठिकाणी नकार आला, तिसरीकडं जमलं, आणि मग मनाशी पक्कं झालं. एवढं सगळं माइकवर कोण सांगत बसणार, म्हणून "प्रभूनं सांगितलं". खोटं बोलत नाहीत ते. पण मागच्या बाकावर बसलेल्या पोराला वाटतं की ह्यांना मोबाईलवर बोलल्यासारखं स्पष्ट ऐकू येतं आणि माझाच नंबर लागत नाही, माझ्यात काहीतरी पाप असणार. तुझं तेच झालंय. कानानं आवाज ऐकू येणं बायबलमध्येही रोजचं नाही, लहानग्या शमुवेलाला आला तर तो तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडंच पळाला, त्याला वाटलं एलीनंच हाक मारली, आणि हा देव आहे हे सांगायला शेवटी दुसराच माणूस लागला.

तू यिर्मया 32 काढ. माझ्या मते ह्या विषयावर ह्याच्यासारखा अध्याय नाही आणि ह्यावर उपदेश मात्र क्वचितच ऐकायला मिळतो. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तिथं त्याला देवाचं वचन येतं की तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि म्हणेल, अनाथोथमधलं माझं शेत तू विकत घे. आता विचार कर, दुश्मनाच्या ताब्यात गेलेल्या मुलखातली जमीन कोण पैसे देऊन घेईल, शेजारीपाजारी येड्यात काढतील. पुढं हनामेल खरंच येतो आणि तेच बोलतो. आणि आठव्या वचनात यिर्मया म्हणतो, तेव्हा मला कळलं की हे परमेश्वराचं वचन होतं.

तेव्हा कळलं. चाळीसएक वर्षं संदेष्ट्याचं काम केलेला माणूस हा, आणि त्यालाही समोर गोष्ट घडेपर्यंत पूर्ण खात्री नव्हती असं तो स्वतःच लिहून ठेवतो, आणि देव त्याला रागावत नाही. मग तू खात्री नाही म्हणून रडतोस कशाला.

पुढं तो काय करतो ते तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला बरोबर कळेल. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोर लावलेली आणि एक उघडी, दोन्ही त्याचा लेखनिक बारूखाच्या हातात देतो आणि म्हणतो मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. वचन देवाचं आणि व्यवहार चोख. आपल्याकडं नेमकं उलटं, देवानं सांगितलं म्हटलं की सातबारा बघायचा नाही, फेरफार बघायचा नाही, ऑफर लेटर नीट वाचायचं नाही, कारण वाचलं तर अविश्वास दिसतो म्हणे. जालन्याजवळचं बेथेल तुला माहीत असेल, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून ते गाव वसवलं, तेही नुसत्या "मला दर्शन झालं"वर उभं राहिलेलं नाही. जमीन मागणं, मिळवणं, माणसं आणून वसवणं, सगळं हातापायानं केलंय.

माझं तुला सांगणं एवढंच आहे, देवाचा आवाज तपासून घ्यायला मनाई नाही, उलट तपास असा हुकूमच आहे. 1 थेस्सलनीका 5 मध्ये प्रेषित पौल एका दमात दोन गोष्टी सांगतो, संदेशांचा धिक्कार करू नका आणि सगळ्याची पारख करा. आपल्यातले अर्धे पहिल्याच वाक्यावर थांबतात आणि अर्धे दुसऱ्यावर.

त्या सेवकाच्या बोलण्याचं आता बघू. तुझ्या मनात भीती बसलीय की ऐकलं नाही तर देवाचा अपमान होईल. 1 करिंथ 14:29 काढ, संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा असं लिहिलंय. म्हणजे पहिल्या शतकातल्या मंडळीतसुद्धा कुणी उठून "प्रभू म्हणतो" म्हटलं की बाकीचे बसून ते तोलायचे, तो नियमच होता. तुझ्या वेळी ते तोललं कुणी? तू म्हणतोस लोकांनी हालेलुया म्हटलं आणि पुढचं गाणं सुरू झालं. मग ते काम राहिलेलंच आहे. त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात संदेश कशासाठी असतो ते दिलंय, उन्नती, बोध आणि सांत्वन. तुला त्यातलं काय मिळालं? तू लिहिलंस, "तेव्हापासून पोटात गोळा आहे, गेलो तर अपघात होईल असं वाटतं." हे ह्या तिन्हीत कुठंच बसत नाही.

आणि यिर्मयाचाच 28 वा अध्याय. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर ठासून सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू मोडेल आणि नेलेलं सगळं परत येईल. यिर्मयाला हे पटण्यासारखं नव्हतं. तरी तो काय म्हणतो? आमेन, परमेश्वर तसंच करो. मग यिर्मयानं बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्या काढून मोडून टाकतो, आणि यिर्मया चुपचाप आपल्या वाटेनं निघून जातो. भांडला नाही, तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही, उत्तर नंतर आलं. मला हे फार आवडतं. तुझ्यासाठी रीत हीच, सभेत आमेन म्हणायचं, घरी यायचं, आणि मग बघायचं. आमेन म्हणलास म्हणून बांधला गेलास असं होत नाही.

घरी येऊन काय बघायचं, तर सेवक जे बोलले ते शब्द जसेच्या तसे वहीत लिही, तारीख टाकून. हे लगेच करायला पाहिजे होतं, कारण महिनाभरात आपण त्यात भर घालतो. "राखून ठेवलंय" म्हणाले की "शहर सोडू नको" म्हणाले, की दोन्ही, की दुसरं तुझ्या मावसभावानं नंतर समजावून सांगितलं? सेवेला बोलावणं आणि वाळूजला राहणं ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, चाकणला काय मंडळी नाहीत का, तिकडं सगळा मराठवाडाच भरलाय, लातूर-नांदेड-बीडची पोरं खोल्या करून राहतात, त्यांच्यात प्रार्थना घ्यायला कुणी नाही. मग तुझ्या पाळकसाहेबांकडं जा आणि मंडळीच्या एखाद्या वयस्क पंचांना सोबत घे, ज्यांनी तुला लहानपणापासून पाहिलंय. त्यांना एकच विचार, तुम्हाला माझ्यात सेवेचं पाचारण दिसतंय का, दिसत असेल तर कशावरून. आणि स्वतःला पण विचार, आत्ता संडे स्कूल घेतोस का, कुणी आजारी असलं तर भेटायला जातोस का. जो माणूस तुला एका संध्याकाळी भेटला आणि दुसऱ्या दिवशी गेला त्याच्यापेक्षा रोज बघणाऱ्यांचं म्हणणं जास्त वजनाचं धर. सेवक खोटे आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत पण नाही. 1 राजे 13 मधली गोष्ट वाच मात्र, त्या म्हाताऱ्या संदेष्ट्यानं "मला देवदूतानं सांगितलं" म्हणून थाप मारली, दुसऱ्या संदेष्ट्यानं, देवानं आपल्याला दिलेली स्पष्ट आज्ञा सोडून, त्याचं ऐकलं आणि वाटेत त्याला सिंहानं मारलं. फार कडक गोष्ट आहे, लहानपणी ऐकली तेव्हा मला त्या माणसाची दया आली होती, अजूनही येते.

एक आणखी. संदेशासोबत जर घाई असेल, कुणाला सांगू नको असं असेल, किंवा बियाणं म्हणून अमुक रक्कम पेर म्हणजे तमुक होईल असं असेल, तर मी पुढचं ऐकत पण नाही. तुझ्या बाबतीत पैशाचं काही नव्हतं हे बरंय.

वचनाच्या कार्डाबद्दल जपून बोलते, कारण आमच्या घरीपण फ्रिजला लावलेलं आहे. वर्षाअखेरच्या भक्तीला ताटातून कार्ड उचलायचं, सगळ्यांनी एकमेकांचं वाचायचं, छान वाटतं, लेकरं तर वाट बघतात. पण ते कार्ड छापणाऱ्यानं त्या वचनाच्या आजूबाजूचं कापलेलं असतं. उत्पत्ती 12:1 अब्राहामाला सांगितलं होतं, आणि तो निघाला तेव्हा सारा, लोट, गुरंढोरं, गडीमाणसं सगळं घेऊन निघाला, खोलीचं डिपॉझिट भरून एकटा नाही. यिर्मया 29:11, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेल्या पत्रातलं, ते तर प्रत्येकाच्या कॅलेंडरवर, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत म्हणून. त्याच्या आधीचं दहावं वचन कुणी छापत नाही, त्यात लिहिलंय बाबेलची 70 वर्षं भरल्यावर. आणि त्याच्याही वर, पाच ते सातमध्ये, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्या पत्रात ते गोड वचन आहे त्याच पत्रात देव म्हणतोय की लवकर काही होणार नाही, बसा, संसार करा. सैतानानंसुद्धा येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन स्तोत्र 91 म्हणून दाखवलं होतं, आणि येशूनं त्याला दुसऱ्या वचनानं उत्तर दिलं. एकटं वचन उचलून वापरायचं नसतं हे तिथंच दिसतं. तेव्हा कार्ड ठेव, वाच, त्यावर प्रार्थना कर, पण नोकरीचा निकाल त्याच्यावर लावू नको. शास्ते 6 मधल्या गिदोनाच्या लोकरीचंही तेच, खळ्यात लोकर ठेवून दव पडतं का बघणं, लोक त्याला पद्धत समजतात. त्याला देवानं काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याचा धीर होत नव्हता, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच म्हणतो की माझ्यावर रागावू नको.

आता जे मला तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त टोचलं. तू सेवकाचं लिहिलंस, कार्डाचं लिहिलंस, स्वप्नाचं पण लिहिलंस (पाण्यात बुडणारी बस, ते स्वप्न बाजूला ठेव, सेकंड शिफ्टनंतर उपाशी झोपल्यावर कुणालाही पडेल), पण आईला विचारलं असं एका ओळीत नाही. आई एकटी आहे, गुडघे दुखतात, एवढंच. तिचं म्हणणं काय?

देव ज्या गोष्टीवर आधीच बोलून बसलाय ती सोडून आपण नवीन आवाजाची वाट बघत बसतो. मार्क 7 मध्ये येशू परूशांना, म्हणजे त्या वेळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, ह्याच कारणानं झापतो, की तुम्ही आईबापांना म्हणता, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते देवाला अर्पण झालंय, कुर्बान, आणि असं म्हणून आईबापांसाठी काही करायचं सोडता. 1 तीमथ्य 5:8 त्याहून कडक आहे, स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आईला बघायचं हे ठरलेलंच आहे. कसं बघायचं तेवढं उरतं, आणि ते देवानं तुझ्या अकलेवर सोडलंय. वाळूजला राहून महिन्यातून दोनदा जाऊन येणं जमतंय का, की चाकणच्या पगारात तिला तिकडं नेता येतं, ती येईल का, तिला गावातली माणसं, तिची शेळी, तिची महिला मंडळाची बुधवारची प्रार्थना सोडवेल का, शेत ठोक्यानं कुणाला द्यायचं. ह्यातल्या एकाही प्रश्नाला रात्री दोन वाजता आवाज येणार नाही. आईसमोर बसून एक-एक विचारायचे आहेत. याकोब 1:5 म्हणतो कुणाला शहाणपण उणं असेल तर त्यानं देवाजवळ मागावं. देव उत्तरं लिहून देतो असं त्यात नाही, शहाणपण देतो म्हटलंय.

"मनाला शांती मिळाली की समजायचं देवाची इच्छा" हे तुला कुणीतरी सांगितलंय आणि तू त्याची वाट बघतोयस. मी ह्यावर अर्धीच विसंबते. योना देवापासून पळून चालला होता आणि वादळात गलबताच्या तळाशी गाढ झोपला होता, पूर्ण शांती. आणि येशू गेथशेमानेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता तर त्याचा जीव कासावीस झाला होता, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. भित्र्या माणसाला बरोबर रस्त्यावरसुद्धा धडधडतं, तो स्वभाव आहे.

पण मनाचं काहीच ऐकायचं नाही असंही नाही, फक्त लांबून ऐकायचं. वैजापूर-घोगरगावकडचे कॅथलिक बांधव ज्यांना मानतात ते संत इग्नेशियस, त्यांचं नाव घेतलं की आमच्या काही पंचांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण माणूस ह्या बाबतीत पक्का होता. सैनिक होता, 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, घरी पडून राहिला. वाचायला मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या तो कधी लढायांची, मोठ्या घरच्या बाईला खूश करायची स्वप्नं रंगवायचा आणि कधी संतांसारखं जगायची. दोन्हीत तेवढ्यापुरतं छान वाटायचं. फरक त्याला नंतर कळला, पहिली स्वप्नं सरल्यावर मन कोरडं पडायचं आणि दुसरी सरल्यावरही आनंद टिकून राहायचा. म्हणजे विचार येतो तेव्हा कसं वाटतं ते बघू नको, गेल्यावर मागं काय राहतं ते बघ. तू असं कर, तीन दिवस मनानं चाकणला गेलास असंच धरून वाग, कामाला जाताना, जेवताना, आणि रात्री दोन ओळी लिही. मग तीन दिवस नाही गेलास असं धर. नंतर वहीच वाच. त्यांचाच दुसरा नियम, मन काळोखात असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. तू सध्या थकलेला आहेस, ह्या आठवड्यात कुठल्याच टोकाला उडी मारू नको.

थकव्यावरून, मी जन्मभर नर्सिंग केलंय त्यामुळं हे बोलल्याशिवाय राहवत नाही. एलीया संदेष्ट्याला डोंगरावर देवाची ती मंद, हळू वाणी ऐकू आली हे सगळे सांगतात, 1 राजे 19. त्याच्या आधी काय झालं? तो मरण मागून झाडाखाली पडला, देवदूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खाऊ घातलं. दोनदा जेवण आणि झोप, आणि मग डोंगर. तू बारा-बारा तास उभं राहून काम करतोस आणि वर दोन वाजेपर्यंत जागतोस, अशानं देवाचा काय, सुपरवायझरचा आवाज पण नीट ऐकू यायचा नाही. प्रार्थना सकाळी कर, उठल्यावर, पंधरा मिनिटं पुरेत.

आणि दुसरं, हे तुझ्यासाठी नाही पण वाचणाऱ्यांत कुणीतरी असेल. वॉर्डात एकदा रात्री अंबडकडची एक बाई आणली, श्वास खोल आणि जोरात चाललेला, तोंडाला गोडसर वास, शुगरच्या मशीनवर आकडा येईना, नुसतं हाय दाखवत होतं. सुनेनं पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून दाखवली, जशीच्या तशी भरलेली. सभेत कुणीतरी म्हणालं होतं, विश्वास असेल तर सुई सोड. ती वाचली, तीन दिवस लागले. सांगणारा तोवर पुढच्या गावाला गेला होता. लूक वैद्य होता (कलस्सै 4:14), पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, हात ठेवून मोकळा होत नाही. गोळी, इंजेक्शन, टीबीचा कोर्स, मानसिक आजाराचं औषध बंद कर असं सांगणारा आवाज कुणाचाही असला तरी आधी डॉक्टर. आणि कुणाला खरोखर कानात आवाज येत असतील, झोप गेली असेल, आवाज हुकूम सोडत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असेल, तर त्याला उपास-प्रार्थनेला बांधून बसवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना सोबत चालू ठेवा, कोण नको म्हणतंय.

रोजच्या ऐकण्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त आहे. योहान 10 मध्ये येशू म्हणतो मेंढरं त्याची वाणी ओळखतात. आपल्याकडं सुगी झाली की धनगरांचे वाडे शेतात उतरतात, पाणवठ्यावर दोन कळप एकात एक झाले तरी धनगरानं आपली हाळी दिली की त्याची मेंढरं त्याच्याकडं वळतात. त्यांना कुणी आवाज ओळखायचा कोर्स दिलेला नाही, ती वर्षभर त्याच्या मागं चालतात म्हणून. तू संकट आलं की बायबल उघडतोस, तेपण बोट ठेवून. मार्क काढ, सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा अध्याय, येशू कुणाशी कसा बोलतो एवढंच बघत जा. कुणावर चिडतो, कुणाला घाई करत नाही, कुणाला विचारतो "तुझी काय इच्छा आहे". आंधळ्या बार्तिमयाला विचारलं होतं त्यानं तसं. हा स्वभाव एकदा कानात बसला की कुणीतरी त्याच्या नावानं तुला धमकावलं तर लगेच खटकेल.

कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्याला नेहमी देतात, आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणाला, आणि 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लोक साहेबाच्या भाकितावर खूश होतात. टिळकांना तर ते तेव्हा अजबच वाटलं होतं. त्यांना धरून ठेवलं ते पुढं वाचलेल्या डोंगरावरच्या प्रवचनानं. आणि ह्याच गोष्टीची दुसरी बाजू, बाप्तिस्मा त्यांनी घरी न सांगता घेतला, लक्ष्मीबाईंना त्याचं काय सोसावं लागलं, नवराबायको काही वर्षं वेगळे राहिले, हेही आपल्या लोकांना माहीत आहे. पाचारण खरं असलं म्हणून घरच्यांना अंधारात ठेवायची सवलत मिळते असं मला नाही वाटत, टिळक असले तरी.

शेवटचं, आणि हे ऐकून तुला कदाचित निराशा होईल. दोन्हीपैकी कुठलंही केलंस तरी चालेल असं असू शकतं. 1 करिंथ 7:39 मध्ये विधवेनं कुणाशी लग्न करावं ह्यावर पौल म्हणतो, तिच्या इच्छेला येईल त्याच्याशी, फक्त प्रभूमध्ये. एवढी मोठी गोष्ट आणि तिच्या इच्छेवर. तू असं धरून चाललायस की देवानं चाकण किंवा वाळूज एकच चिठ्ठी लिहून लपवून ठेवलीय आणि तुला ती शोधायचीय, नाही सापडली तर आयुष्य वाया. असा देव मला शास्त्रात सापडत नाही. प्रेषित 16 मध्ये पौलाला आशियात जायचं होतं, आत्म्यानं अडवलं, बिथुनियाकडं वळला, तिथंही अडवलं, मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त. आणि दहाव्या वचनात "आम्ही" अनुमान केलं असं आहे, सगळ्यांनी मिळून. अडवायचं असलं की देव अडवतो, चालणाऱ्याला अडवतो, तू तर अजून उठलेलाच नाहीस.

ह्या रविवारी गावी जा. फोनवर नको, फोनवर आई "मव्हं काय, तू तुझं बघ" म्हणूनच मोकळी होईल. भक्तीनंतर जेवण झाल्यावर निवांत बस आणि वर लिहिलेलं सगळं विचार, तिला पगाराचा आकडा पण सांग. परत येताना पाळकसाहेबांकडं थांब. आणि एचआरला फोन करशील तेव्हा एक विचारायचं विसरू नको, मेडिकल कुठलं आहे, ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) की कंपनीचा इन्शुरन्स, आणि त्यात आईचं नाव घालता येतं का, गुडघ्याचं ऑपरेशन त्यात बसतं का. ते कळलं की मला परत लिही.